"बसतंय सर, सगळ्यात बसतंय" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका

सायकलच्या जुन्या सामानाच्या खरेदीत फसलो, गेले 12,350 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले?" हे खालून कुणी विचारायला नको.

घरात मामांची जुनी स्टीलची रेसर पडून होती. 27 इंची चाकं, वाकडं हँडल, मागं जुना फ्रीव्हील. पावसाळ्यात जोतिबा-पन्हाळ्याच्या अंगाला, नाहीतर उसातल्या पाणंदीनं चिखलातनं सायकल दामटायची आणि अडली की खांद्यावर टाकून पळायचं, हा सायक्लोक्रॉसचा नाद मला लागला होता. तयार सायकल लाखाच्या घरात. जुनीच सुधारून घ्यावी म्हटलं, त्यात माझं काय चुकलं?

खरी गोची जागेची असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टायर 33 मिलिमीटरपर्यंत चालतो, आमच्या रेसरच्या ब्रेकखाली बोट जाताना मारामार. 27 इंची रिमचा टायर बसायचा व्यास 630 मिलिमीटर, आताच्या रेसरच्या 700 सी चाकाचा 622. चाक बदललं की वर चार मिलिमीटर सुटतात, पण ब्रेकचे रबर तेवढेच खाली पोचायला हवेत. ते जमलं तरी उसाच्या रानातली काळी माती ब्रेकच्या कमानीत ठासून बसते आणि चाक जाम. म्हणून कँटिलिव्हर ब्रेक, म्हणजे कमानीऐवजी चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे बसणारे, आणि त्याला फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर) दोन्ही बाजूंना स्टड, म्हणजे ब्रेक अडकवायचे खुंट. हे सगळं एका सेटमध्ये, वर चाकं आणि टायर, सगळं मिळून 14,500 ला दिसलं तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

विकणाऱ्यानं लष्करातली बदली वगैरे जुनी कॅसेट लावली नाही. म्हणून तर विश्वास बसला. बोलायला गोड, नाशिककडचा म्हणे. 3,000 बुकिंग. पॅकिंगचा व्हिडिओ आला, लगेच 7,500. मग "ट्रान्सपोर्टचा विमा, डिलिव्हरीला परत मिळतो" म्हणून 1,850. पुढचं तुम्हाला पाठ आहे. आणखी 4,000 मागितले तेव्हा मी थांबलो आणि त्यानं नंबर ब्लॉक केला.

पण मला जाळतंय ते वेगळंच. पहिला पैसा जायच्या आधी मी विचारलं होतं, "माझ्या फ्रेमचं मागचं अंतर 126 आहे, तुमचा हब किती?" उत्तर आलं, "बसतंय सर, सगळ्यात बसतंय." अरे, हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा, तो फ्रेमच्या मागच्या दोन पायांत बसतो. 126 मिलिमीटरच्या जागेत 130 चा हब घालायचा तर स्टीलची फ्रेम उघडावी, म्हणजे ते पाय फाकवावे लागतात, 135 असला तर आणखी. चाक विकायला काढलेल्या माणसाला हबचं माप ठाऊक नाही? फोर्कचा तर विषयच सोडा. माझ्या फोर्कची वर हँडलकडं जाणारी दांडी एक इंची, आट्यांची. नवा फोर्क घ्यायचा तर दांडीची लांबी जुळावी लागते. त्यानं ती विचारलीच नाही! आणि फोटोतल्या फोर्कला खाली डिस्क ब्रेक बसवायचा कान होता, स्टड नव्हतेच. मी तो फोटो दहा जणांना दाखवला होता, त्यातले निम्मे रोज सायकल चालवणारे. एकाच्याही डोळ्याला दिसलं नाही. मग मलाच का नावं ठेवता?

वर उद्यमनगरात फ्रेम उघडून घेतली 130 ला, त्याचे 400 वेगळे. ते या हिशेबात धरलेले नाहीत.

आता सरकारी दरबार. ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "समोरचा नाशिकचा, हद्द आमची नाही." मी म्हटलं, साहेब, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडू दे, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. तर म्हणे, "कायदा आम्हाला शिकवताय?" मग सायकलला एवढे पैसे कशाला, लग्न झालंय का, असली चौकशी. अर्ज घेतला, पोच द्यायला साहेब जेवायला गेलेले. बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही." स्टेटमेंटवर शिक्का पाहिजे तर दुसऱ्या शाखेत जा, तिथं सर्व्हर डाऊन. पुन्हा ठाणे. "शिक्क्याशिवाय कसं घेऊ?" चोर एका मिनिटात पैसे उचलतो आणि आम्ही शिक्क्यासाठी वणवण करायची. हे काय चाललंय राव?

तुमचे गेले तर ठाण्याच्या आधी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याच मिनिटाला. पैसे दुसऱ्या खात्यात सरकायच्या आत गोठले तरच हाती लागतात, मी संध्याकाळपर्यंत "येईल पार्सल" म्हणत बसलो होतो. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे. व्हिडिओ मागायचा तर हबच्या टोकांमध्ये व्हर्नियर (माप घ्यायचा चिमटा) लावून दाखव म्हणायचं, नुसतं खोकं नको. "परत मिळणारी" रक्कम असं कुणी म्हटलं की फोन ठेवा.

आणि सेटच्या मागंच लागू नका. लाँग रीच कॅलिपर, म्हणजे लांब हातांचे कमानीचे ब्रेक, 47 ते 57 मिलिमीटर पोचतात. जुन्या फ्रेमवर 700 सीची चाकं आणि मावेल तेवढा, 28-30 चा खाचांचा टायर घातला तरी शिकायला भरपूर. पेडलजवळची मोठी दातेरी चकती काढून लहान ठेवा. सगळं हातात घेऊन, माप लावून, समोरासमोर.

आकाशी रंगाचा फोर्क, मागं लाल कोब्याची फरशी, कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची. हा फोटो परवा दुसऱ्याच नावानं पुन्हा वर आलाय, आता किंमत 13,900. दिसला तर लांब राहा, आणि मला त्याचा चालू नंबर पाठवा, ठाण्यात अजून माझा अर्ज पडलाय.