अरुंद डोंगरी ओढ्यावरच्या ट्राउटसाठी: रीलची छोटी काठी की तेनकारा?

एकीकडे ७ ते ७.५ फुटांची, ३ नंबरच्या दोरीची (नंबर दोरीच्या वजनाचा) रीलवाली फ्लाय रॉड, म्हणजे गळाला बांधलेली नकली माशी फेकायची काठी. दुसरीकडे जपानच्या डोंगरओढ्यांवरची तेनकारा, म्हणजे ११-१२ फुटांची, बिनरीलची, एकात एक मिटणारी काठी. मासे दोन्हींवर लागतात. रुंद, संथ पाण्यावर हा प्रश्नच उरत नाही, तिथे रील हवीच. अडतं ते पाच-सहा मीटर रुंदीच्या, दगडांतून उतरणाऱ्या ओढ्यावर.

तिथे ट्राउट दगडामागच्या हातभर संथ पाण्यात उभा असतो, आणि तुमच्या आणि त्याच्या मधे एक-दोन जोरदार धारा वाहत असतात. रीलच्या काठीची दोरी नेमकी त्या धारांवर पडते. दोनेक सेकंदांत धार तिला बाक आणते, माशी पाण्यावर रेघ ओढत निघते आणि ट्राउट पाठ फिरवतो. दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी, तर एवढ्याशा जागेत माशीही जागची हलते. काठी उंच धरून दोरी हवेत ठेवावी, तर टोकापासून ती स्वतःच्याच वजनाने काठीकडे लोंबते आणि माशीला मागे खेचते.

वजनाचा घोळ इथेच संपत नाही. ३ नंबरच्या दोरीचं वजन, सुमारे ६.५ ग्रॅम, तिच्या पहिल्या ३० फुटांचं असतं. ओढ्यावर लीडरखेरीज (दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक धागा) जेमतेम ५-६ फूट दोरी बाहेर असते, म्हणून काठी नीट वाकतच नाही. यावर एक नंबर जड दोरी लावतात. फेक सुधारते, पण लोंबणं आणखी वाढतं.

तेनकाराला साधारण काठीइतकीच लांब, हलकी फ्लोरोकार्बनची दोरी आणि पुढे तीन-चार फूट टिपेट, म्हणजे माशी बांधायचा सगळ्यात बारीक धागा, लावतात. काठीचं टोक उंच ठेवलं की पाण्याला फक्त टिपेटचा शेवट आणि माशी लागते. मोजून पाहिलेलं नाही, पण माझ्या अनुभवात माशी दगडामागे दुपटीहून जास्त वेळ टिकते, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

रीलच्या बाजूनेही सांगायला हवं. फांद्यांचं छत डोक्याला लागत असेल तर १२ फुटी काठी फिरवताच येत नाही. छोट्या काठीने माशी चिमटीत धरून, दोरी धनुष्यासारखी ताणून सोडता येते. समोरून वारा असला की तेनकाराची हलकी दोरी भरकटते. मोठा मासा प्रवाहाच्या दिशेने सुटला तर सोडायला जादा दोरी नसते. काठी आडवी झुकवून त्याला वळवायचं, नाहीतर काठाकाठाने त्याच्या मागे जायचं. अर्थात इतक्या लहान ओढ्यात असा मासा क्वचितच भेटतो.

तेनकारा घेतलीत तर टिपेट 'पाच एक्स'पेक्षा जाड लावू नका (एक्सचा आकडा जितका लहान, तितका धागा जाड). काठीचं टोक मोडण्याआधी टिपेट तुटायला हवं. माशी झाडात अडकली तर काठीने हिसका देऊ नका. काठी मिटवा आणि दोरी हाताने ओढा. मिटवताना प्रत्येक भाग सांध्याजवळ धरून सरळ आत ढकला, कारण तिरका दाब आला की बारीक नळी चिरते. वाळू किंवा ओल आत राहिली तर सांधे घट्ट बसतात. घरी आल्यावर तळाचं झाकण काढून सगळे भाग सुटे करा, पुसा आणि रात्रभर वाळू द्या.