वासिली की चेस्का?

दोन्ही खुर्च्या डिझायनर मार्सेल ब्रॉयरच्याच. वासिली 1925ची, चेस्का 1928ची. सांगाडा दोन्हींचा वाकवलेल्या पोलादी नळीचा, पण बसून पाहिलं की स्वभाव पार निराळे.

दिसायला वासिली भारी. सायकलच्या हँडलवरून ब्रॉयरला ती सुचली. जाड गादी गायब. नळ्यांच्या चौकटीत ताणलेले पट्टे, आधी कापडाचे, हल्ली बहुधा चामड्याचे. अंग नळीला न टेकता पट्ट्यांवर तोललेलं राहतं. पण बैठक मागे उतरती, त्यामुळे एकदा रेललात की उठताना हातांवर जोर द्यावा लागतो. जेवणाच्या टेबलाशी तिचं काम नाही. (नाव चित्रकार वासिली कांडिन्स्कीचं, तेही 1960च्या दशकात इटलीत गाविना या फर्निचर कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली तेव्हा चिकटलेलं.)

चेस्काला मागचे पायच नाहीत. जमिनीवरची नळी पुढे येऊन वर वळते आणि बैठक अधांतरी धरते. बसलं की किंचित लवते. लाकडी चौकटीत वेताची जाळी, म्हणून उकाड्यातही पाठीला वारा लागतो. जाळी मात्र वापराने सैल पडते, पुन्हा विणून घ्यावी लागते. मागचे पाय काढण्याचं श्रेय एकट्या ब्रॉयरला देऊ नये. डच वास्तुविशारद मार्ट स्टॅमने तशी खुर्ची 1927मध्येच स्टुटगार्टच्या प्रदर्शनात मांडली होती, आणि जर्मन कोर्टानेही त्या रचनेचा हक्क त्यालाच दिला.

संग्रहालयात वासिली शोभते. रोजच्या वापराला मी चेस्काच घेईन. नक्कल घेतली तर आधी नळी तपासून, कारण सगळा भार त्या पुढच्या वळणावरच येतो.