ठिकाण-निवडीचे सॉफ्टवेअर: स्लायडरने लपवलेला पर्याय

रुग्णवाहिकांची केंद्रे कुठे असावीत हे ठरवण्यासाठी मी हे सॉफ्टवेअर काही महिने वापरले. केंद्रांची संख्या कमी ठेवणे आणि सर्वांत दूरच्या वस्तीपर्यंत पोहोचण्याचा वेळ घटवणे, ही एकमेकांविरुद्ध ओढणारी दोन उद्दिष्टे त्यात एकत्र मांडता येतात. विकताना कौतुकाने दाखवला जातो तो दोन्ही उद्दिष्टांचे भार, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती महत्त्व द्यायचे ते, ठरवणारा स्लायडर, आणि माझी मुख्य तक्रार त्याच्याबद्दलच आहे.

चाचणीसाठी मी तीनच पर्यायांचा छोटा प्रश्न दिला: 5 केंद्रे व 24 मिनिटे, 7 केंद्रे व 19 मिनिटे, 9 केंद्रे व 12 मिनिटे. यांतला कोणताही पर्याय दुसऱ्यापेक्षा दोन्ही बाबतींत सरस नाही, म्हणजे पॅरेटोच्या कसोटीवर तिन्ही टिकतात. तरीही स्लायडर कुठेही नेला तरी 7 केंद्रांचा पर्याय एकदाही पुढे आला नाही. हा दोष भारित बेरजेच्या पद्धतीतलाच आहे; या पद्धतीत प्रत्येक उद्दिष्टाचा आकडा त्याच्या भाराने गुणून बेरीज करतात आणि सर्वांत कमी बेरजेचा पर्याय निवडतात. आलेखावर टोकाच्या दोन पर्यायांना जोडणाऱ्या रेषेवर 7 केंद्रांसमोर 18 मिनिटे येतात. 19 मिनिटांचा पर्याय त्या रेषेच्या वर पडत असल्याने कोणतेही भार दिले तरी एका टोकाची बेरीज त्याच्यापेक्षा कमीच भरते. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, ही मात्र निर्मात्यांची चूक.

गंमत म्हणजे यावरचा उपाय याच सॉफ्टवेअरमध्ये, ‘प्रगत’ मेनूत दडलेला आहे. तिथे एका उद्दिष्टाला मर्यादा घालून दुसरे कमी करता येते. वेळ 20 मिनिटांच्या आत हवा असे सांगताच 7 केंद्रांचा पर्याय समोर आला. निर्णय घेणाऱ्या समितीलाही ‘20 मिनिटांच्या आत’ ही भाषा कळते, 0.6 भार म्हणजे नेमके काय, हे मला अजून कुणालाही पटेल असे सांगता आलेले नाही.

शिवाय काही न बदलल्यास अंतरे सरळ रेषेत मोजली जातात, रस्त्यांवरून मोजण्याचा पर्याय स्वतः निवडावा लागतो.

आणखी एक उणीव गंभीर आहे. सरासरी अंतर कमी करायचे असेल तर रस्त्यांच्या जाळ्यातील गाठींवरच (चौक, वस्त्या अशा बिंदूंवर) जागा शोधणे पुरते, हे संशोधक हकिमी यांनी 1960च्या दशकात सिद्ध केले. सर्वांत दूरच्या वस्तीचा निकष घेतल्यास मात्र उत्तम जागा दोन गाठींच्या मध्ये कुठेतरी, रस्त्यावरच असू शकते. हे सॉफ्टवेअर दोन्ही निकषांसाठी फक्त गाठीच तपासते, म्हणून लांब रस्त्यांवर मधल्या गाठी मला हाताने घालाव्या लागल्या.