सेनहायझर एचडी ६००: काही महिने वापरल्यावर 'बर्न-इन'बद्दल

एचडी ६०० हा हेडफोन नवा असताना सगळ्यात आधी जाणवते ती डोक्यावरची पकड. चष्मा असेल तर काडी कानामागे रुतते आणि तासाभरात हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. काही महिन्यांच्या वापरानंतर खात्रीने सांगता येतं की बदलते ती मुख्यतः ही पकड आणि कानावरच्या गाद्या.

नवा हेडफोन बराच वेळ वाजवत ठेवला की त्याचा आवाज सुधारतो, ही समजूत म्हणजे 'बर्न-इन'. त्यासाठी शंभर तास पिंक नॉइज (एकसारखा खळखळाटासारखा आवाज) वाजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, पडदा थोडा सैलावत असेलही, पण हेडफोन-समीक्षक टाइल हर्टसेन्स यांनी २०११ मध्ये एकेजी क्यू७०१ या दुसऱ्या हेडफोनवर मोजमापं घेतली तेव्हा बदल अगदी बारीक निघाले. हेडफोन डोक्यावर जरा सरकला तरी आवाजात त्याहून जास्त फरक पडतो. शंभर तासांच्या नादात परत करण्याची मुदत मात्र निघून जाते.

त्यापेक्षा पहिल्याच दिवशी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आवाज लावा. तो मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर वायरची कानाकडची दोन्ही टोकं काढून डाव्या-उजव्याची अदलाबदल करा. पिनांपैकी एक जाड, एक बारीक असते, त्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जोर लावू नका. दोष दुसऱ्या कानाकडे गेला तर वायर किंवा अँप (अँप्लिफायर) बघा, तिथेच राहिला तर ड्रायव्हर. मग २० ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खर्जातून हळूहळू वर चढत जाणारा सूर, हळू आवाजात वाजवा. खरखर आली तर जाळीतून शिरलेला केस पडद्याला लागत असण्याची शक्यता मोठी.

पकड सैल करायला दोन्ही बाजू पूर्ण खाली ओढा आणि उघडी पडलेली धातूची पट्टी धरून थोडी थोडी बाहेर वाकवा. दर वेळी घालून बघा. वरच्या प्लास्टिकवर ताण दिला तर तडा जातो. रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवायचा असेल तर गठ्ठा डोक्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटरच रुंद घ्या. फार सैल केलात तर गादी जबड्यापाशी उचलली जाते आणि डग्ग्याची घुमक पातळ होते.

गाद्या मात्र सावकाश दबतात. कान पडद्याच्या जवळ येतो, आवाजाचा तोल सरकतो आणि 'हेडफोन खुलला' असं वाटतं. तुलना करताना रेकॉर्डिंग तेच आणि पातळीही तीच ठेवा, कारण जरासा मोठा आवाजही सरस वाटतो. केसांना तेल लावून हेडफोन घालू नका. मखमल चिकट होते. कान आतल्या फोमला टेकू लागला की गाद्या बदला. त्या ओढून निघतात, नव्या दाबून कडेने सगळीकडे 'टक' आवाज येईपर्यंत बसवायच्या.