रोजच्या अंगठीसाठी निळा खडा: नीलम, टांझानाइट की लाजवर्द?

निळ्या खड्याचा दागिना करायचा ठरला की बहुतेक जण आधी रंग बघतात, मग भाव. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: दागिना रोज अंगावर राहणार आहे, की लग्नकार्यापुरता कपाटातून निघणार आहे? या तीन खड्यांचा निकाल तिथेच लागतो.

घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. खनिजाचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर. नीलम ९ वर बसतो, म्हणून धुळीनं त्याला चरा पडत नाही. टांझानाइट ६ ते ७, लाजवर्द, म्हणजे लॅपिस लाझुली, त्याच्याही खाली, ५ ते ६. या दोघांना कोरड्या रुमालानं पुसलं तरी धूळ त्यांच्यावर घासली जाते. हळूहळू पैलूंच्या कडा झिजतात आणि खडा मंद दिसायला लागतो. कणीक मळणं, भांडी घासणं, बसचा दांडा पकडणं हे सगळं रोज सोसायचं असेल, तर तिघांत नीलमच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

नीलम आणि माणिक दोन्ही कोरंडम या एकाच खनिजाचे, म्हणजे सख्खी भावंडं. लोह आणि टायटॅनियमचा अंश मिसळला की कोरंडमला निळा रंग येतो. १८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर खोऱ्यात दरड कोसळून नीलमाचा साठा उघडा पडला. मखमलीसारखा मऊ निळा रंग ही त्या खड्यांची ओळख, पण चांगला माल पहिल्या काही वर्षांतच निघून गेला. तेव्हा कुणी ‘काश्मिरी’ म्हणून स्वस्तात दाखवला तर तिथून उठावं. श्रीलंकेचा नीलम मात्र आजही मिळतो. १९८१ मध्ये ब्रिटनच्या डायनाच्या साखरपुड्याच्या अंगठीतून तिच्या बोटात आलेला खडा तिथलाच.

नीलम शनीचा, तो सगळ्यांना मानवत नाही, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पत्रिकेसाठी घेत असाल तर न तापवलेला खडा हवा का, हे ज्योतिषांना आधीच विचारून घ्या, कारण बाजारातले बहुतेक नीलम तापवून रंग खुलवलेले असतात. नुसत्या दागिन्यासाठी तापवलेला खडा घ्यायला काहीच हरकत नाही, तो रंग टिकाऊ असतो. खरी भीती काच भरलेल्या नीलमाची. भेगांमध्ये कोबाल्टची निळी काच भरली की निकृष्ट खडाही झळाळतो, आणि लिंबाच्या रसानं किंवा सोनाराच्या तेजाबानं तीच काच खराब होते. चिंच-लिंबानं दागिने उजळायची सवय असलेल्या घरात असा खडा फार दिवस टिकणार नाही.

टांझानाइटचा इतिहास अगदी अलीकडचा. १९६७ मध्ये टांझानियात, मेरेलानीच्या टेकड्यांत तो सापडला आणि पुढच्याच वर्षी टिफनी या अमेरिकी दागिन्यांच्या कंपनीनं त्याला हे नाव दिलं. व्यापारी प्रमाणात तो दुसरीकडे कुठेच निघत नाही. खाणीतून निघताना बहुतेक खडे तपकिरी छटेचे असतात, तापवल्यावर ते निळे होतात. खडा बोटांत धरून फिरवला की एका बाजूनं निळा आणि दुसऱ्या बाजूनं जांभळा दिसतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जांभळेपणा वाढतो, म्हणून दाराशी नेऊन उजेडात बघाच. मला हा रंग नीलमापेक्षाही आवडतो, पण कर्णफुलांत किंवा पेंडंटमध्ये, जिथे आपटण्याची भीती कमी. एकदम गरम-थंड झालं तर तो तडकतो. साफसफाईसाठी अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी दागिने धुणारं यंत्र) आणि वाफ दोन्ही टाळा, आणि अंगठी लहान-मोठी करताना खडा काढूनच डाग द्यायला सांगा.

लाजवर्द हा एकसंध स्फटिक नव्हे, तर अनेक खनिजांचा मिळून बनलेला दगड आहे. त्यातले सोनेरी ठिपके पायराइटचे, पांढरे डाग कॅल्साइटचे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणी हजारो वर्षं चालू आहेत. तिथून जवळच शोर्तुगाईला हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी वस्ती केली होती, आणि प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामन याच्या मुखवट्याच्या भुवयाही लाजवर्दाच्या आहेत. खिशाला परवडणारा आणि एवढा जुना निळा दुसरा नाही. फिका दगड रंगवून विकण्याची चलाखी मात्र सर्रास चालते. कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेऊन माळेच्या आतल्या मण्यावर हलकेच फिरवा. कापूस निळा झाला तर मणी रंगवलेला आहे. अत्तर, घाम, लिंबू यांपासून त्याला जपावं लागतं, म्हणून तो माळेतच शोभतो. अत्तर आधी लावा, माळ मागाहून घाला.

नीलम धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. ब्रश कोंदणाच्या मागून फिरवा, कारण साबण-तेलाचा थर तिथेच साचतो आणि खडा काळपट दिसतो. टांझानाइटलाही हेच चालेल. लाजवर्द पाण्यात भिजत ठेवू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

मोठा नीलम घेताना जीआयए (रत्नं तपासणारी अमेरिकी संस्था) किंवा जयपूरच्या आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) यांसारख्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. प्रयोगशाळेत बनवलेला नीलमही रासायनिकदृष्ट्या नीलमच असतो, त्यामुळे नुसतं ‘अस्सल’ म्हणणं पुरेसं नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द, तापवला आहे का, काच भरली आहे का आणि कॅरेटमधलं वजन, हे चारही बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान बघा.