हेल्पर बूटलाच उठवायचे, उशिरा की हाक मारल्यावर?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतो तसा पीसी धरू. 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. वीज जाऊन आली की तो पुन्हा चालू करायचा, आणि तोवर पट्टीसाठी शेतकरी समोर उभा. डेस्कटॉप दिसतो, पण क्लिक घेत नाही, कारण पाच-सात हेल्पर (अपडेटर, प्रिंटिंग यांसारखे पडद्याआड चालणारे छोटे प्रोग्राम) एकदमच डिस्कवर तुटून पडलेले असतात.

एसएसडी आणि 8 जीबी रॅम असेल, तर सगळं ऑटोमॅटिकच, म्हणजे बूटलाच उठणारं, राहू द्या. दोन सेकंदांसाठी एवढा खटाटोप कशाला?

जुन्या मशीनवर विंडोज असेल तर ‘डिलेड स्टार्ट’ सोपा. सर्व्हिसेसच्या (विंडोज हेल्परना सर्व्हिस म्हणतं) यादीत नावावर डबल क्लिक करून स्टार्टअप टाइप बदलायचा. बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस उरकल्यावर साधारण 120 सेकंदांनी ही उठते. डिस्कवरची गर्दी पांगते, रॅम मात्र वाचत नाही, कारण हेल्पर नंतर दिवसभर बसूनच असतो. अपडेटर, बॅकअप यांना हे चालतं. अंगठ्याच्या स्कॅनरची आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी स्कॅनर चालवणारा हेल्पर) इथे टाकू नका, पहिलं गिऱ्हाईक ताटकळेल.

रॅम खरी वाचते ती मागणीनुसार उठवण्यात. पण विंडोजमधलं नुसतं ‘मॅन्युअल’ म्हणजे हे नव्हे, आणि फसगत होते ती इथेच. उठवणारा कोणीतरी लागतो. ती सोय म्हणजे 2009च्या विंडोज 7मध्ये आलेला ‘ट्रिगर स्टार्ट’. उपकरण जोडलं किंवा नेटवर्क आलं की सर्व्हिस उठते. यादीत नावापुढे हे शब्द नसतील, तर मॅन्युअल केलेली सर्व्हिस झोपलेलीच राहू शकते. प्रिंट स्पूलरवर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) हा प्रयोग केला, तर रीस्टार्टनंतर प्रिंटरच दिसेनासा होतो.

उबंटू-डेबियन या लिनक्सवर प्रिंटिंगचं हेच काम नीट जमतं. सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिसेस उठवणारा प्रोग्राम, प्रिंटिंगचं सॉकेट (प्रिंट जिथे येऊन पोचते ते दार) स्वतः धरून बसतो. प्रिंट आली की तिला रांगेत ठेवून कप्सला (प्रिंटिंगची सर्व्हिस) उठवतो आणि उघडं सॉकेट त्याच्या हाती देतो. प्रिंट हरवत नाही, पहिलं पान जरा उशिरा निघतं एवढंच. क्रम मात्र पाळा. आधी कप्स-ब्राउज्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा हेल्पर) डिसेबल करा, नाहीतर तो बूटलाच कप्सला ओढून आणतो. मग कप्स डॉट सर्व्हिस डिसेबल करा. तिच्याबरोबर सॉकेटही बंद होतं, म्हणून शेवटी कप्स डॉट सॉकेट पुन्हा एनेबल करा. रीस्टार्टनंतर ‘सिस्टिमसीटीएल इज-अ‍ॅक्टिव्ह’ देऊन सर्व्हिस ‘इनॅक्टिव्ह’ दिसते का पाहा. प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्या एलपीस्टॅट कमांडने तपासायला जाल, तर त्या विचारण्यानेच कप्स जागा होईल.

हे सगळं यूएसबी प्रिंटर याच पीसीला जोडलेला असेल तर. शेजारच्या टेबलावरचा पीसीही त्यावर प्रिंट पाठवत असेल, तर ती नेटवर्कवरून 631 पोर्टवर येते. सॉकेट ऐकतं ते मशीनच्या आतलंच, त्यामुळे तिथे कप्स ऑटोमॅटिकच ठेवावा लागतो.