‘चारमिनार पाच मिनिटांवर’ : हैदराबादच्या हॉटेलपायी आमचे १६,२०० रुपये कसे गेले

नकाशावर हॉटेल शोधायचं आणि तिथेच दिसणाऱ्या नंबरवर फोन लावायचा, अशी सवय असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते, पावत्या तपासते. तरी फसले.

आम्ही नांदेडला राहतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इकडच्या कितीतरी घरांची नाती अजून हैदराबादेत गुंतलेली आहेत. आमचंही तसंच. आजोबा तिथे सरकारी कचेरीत होते आणि आईचं सगळं शिक्षण जांबागेतल्या विवेकवर्धिनीत झालं. शंभर वर्षांहून जुनी मराठी शाळा आहे ती. आई आता बहात्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. गेल्या गणपतीत ती म्हणाली, “एकदा शाळेच्या दारात जाऊन उभं राहायचंय गं.” तिने स्वतःसाठी असं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी, माझा नवरा, दोन मुलं आणि आई अशा पाच जणांनी नोव्हेंबरात दोन रात्रींसाठी जायचं ठरलं. गुरुवारी पहाटे काचीगुड्याला उतरायचं आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने परत.

हॉटेल कोठी-सुलतान बाजार भागातच हवं, यावर मी ठाम होते. तिथून शाळा हाकेच्या अंतरावर, नयापुलावरून मुसी ओलांडली की सालारजंग म्युझियम, आणि तिथून पुढे सरळ चारमिनार. मेट्रोचं सुलतान बाजार स्टेशनही जवळ आहे. आईला जास्त चालवायचं नाही आणि रिक्षातही तासन्‌तास बसवायचं नाही, तर जागा हीच. खोली साधी असली तरी चालणार होती.

नकाशावर एक हॉटेल सापडलं. फोटो ठीक, शेकडो अभिप्राय, चारच्या वर तारे. मी तिथल्याच नंबरवर फोन लावला. माणूस अतिशय नम्र. दोन खोल्या आहेत म्हणाला, एका खोलीचे रात्रीला २,८०० रुपये. बुकिंगच्या ॲपवर तीच खोली ३,००० ला दिसत होती. हे मुद्दाम सांगते, कारण “फार स्वस्त असेल तर संशय घ्या” असं आपण ऐकत आलेलो असतो. इथे फरक फक्त दोनशेचा होता. थेट हॉटेलशी बोललं की दलाली वाचते, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

मग मी अंतरं विचारली. चारमिनार? “पाँच मिनट, मॅडम.” सालारजंग? “पाँच मिनट.” काचीगुडा स्टेशन? “वो भी पाँच मिनट.” आईने माझ्या हातून फोन घेतला आणि तिच्या जुन्या दख्खनीत विचारलं, “जांबाग कित्ती दूर पडती?” तो म्हणाला, “बिल्कुल पास में, माताजी. पाँच मिनट.” आईचा चेहरा उजळला. मी तिच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी माझं ठरून गेलं.

पैसे असे गेले. दोन खोल्या, दोन रात्री, एकूण ११,२००. निम्मे आगाऊ म्हणून ५,६०० मागितले. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. तो स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव आलं, ते हॉटेलचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. मी विचारलं. “हमारे अकाउंटंट हैं,” तो म्हणाला. पतसंस्थेत कुणी संस्थेचे पैसे कर्मचाऱ्याच्या खात्यात भरायला सांगितले असते, तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. इथे मात्र पिन टाकला.

दहा मिनिटांनी फोन आला. रजिस्ट्रेशन अर्धवट दिसतंय, सिस्टीम पूर्ण रक्कम घेतल्याशिवाय पावती काढत नाही, उरलेले भरून टाका, तिथे आल्यावर काहीच द्यायचं नाही. नाहीतरी द्यायचेच आहेत म्हणून उरलेले ५,६०० भरले. पुन्हा फोन. डिपॉझिट ५,०००, जाताना परत मिळेल. तेही भरले. चौथ्यांदा तो म्हणाला की डिपॉझिट अडकलंय, आणखी एकदा ५,००० पाठवा, आधीचे आपोआप परत येतील. तेव्हा माझ्या नवऱ्याने फोन घेतला आणि आता एक रुपया देणार नाही म्हणून सांगितलं.

यावर तो भांडला नाही. “कोई बात नहीं सर, मैं मॅनेज कर देता हूँ.” पाच मिनिटांत पावती आली. हॉटेलचं बोधचिन्ह, जीएसटी क्रमांक, खोलीचा प्रकार, आमची नावं, सगळं व्यवस्थित. त्याने माघार घेतली म्हणून आम्हाला उलट तो सज्जन वाटला, आणि मनात आलेली शंका तिथेच विरली. आज विचार करते तेव्हा सगळ्यांत जास्त हेच टोचतं. आम्ही एकदा सावध झालो होतो, आणि तरी पुढचं पाऊल उचललं नाही.

पुढचे बारा दिवस तो मेसेजला उत्तरं देत राहिला. गरम पाणी मिळेल का, लिफ्ट आहे का, सगळ्याला हो. निघायच्या आदल्या दिवशी “हैदराबाद में आपका स्वागत है” असाही मेसेज आला.

गुरुवारी पहाटे साडेपाचला आम्ही हॉटेलच्या काउंटरवर उभे होतो. हॉटेल खरं होतं, फोटोतलं तेच. मॅनेजरने माझ्या मोबाइलवरची पावती पाहिली, नंबर पाहिला आणि डोळे मिटून घेतले. आमच्या नावाने बुकिंग नव्हतं. त्या आठवड्यात अशीच पावती घेऊन आलेलं आमचं तिसरं कुटुंब होतं. नकाशावरचा त्यांचा नंबर कुणीतरी बदलला होता. नकाशावरच्या माहितीत बदल सुचवण्याची सोय कुणालाही असते, आणि खोटा नंबर एकदा चढला की सगळे फोन भामट्याकडे जातात. हॉटेलवाल्यांना पत्ताही लागत नाही, त्यांना फक्त फोन कमी आल्यासारखे वाटतात.

मी तिथेच उभ्या उभ्या अभिप्राय पुन्हा उघडले आणि ‘सर्वांत नवे’ असा क्रम लावला. वरून चौथाच अभिप्राय होता : या नंबरवर पैसे पाठवू नका, फसवणूक आहे. बुकिंगच्या सहा दिवस आधीचा. मी फक्त वर दिसणारे कौतुकाचे अभिप्राय वाचले होते.

मॅनेजर भला माणूस. त्याने पोऱ्याला हाक मारली, “अम्मा कू बिठाओ, चाय लाओ.” खोल्या मात्र सगळ्या भरलेल्या. त्याने ओळखीच्या तीन-चार लॉजला फोन लावून पाहिले, लग्नसराईमुळे कुठेच जागा नव्हती. बाहेर रिक्षावाले जमले होते, ते “मेरे साथ चलो, सस्ता लॉज है” म्हणत होते. मॅनेजरने मान हलवूनच आम्हाला जाऊ नका म्हणून खुणावलं.

मग घाईत ॲपवरून दुसरं हॉटेल घेतलं. इथे आणखी एक गोष्ट कळली. ॲपवर ‘चारमिनारपासून इतके किलोमीटर’ असं लिहिलेलं अंतर बहुतेक वेळा नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यासारखं सरळ रेषेतलं असतं. रस्ता, पूल, एकेरी वाहतूक त्यात नसते. आम्हाला मिळालेलं हॉटेल दिलसुखनगरच्याही पलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत गल्लीत निघालं. ही फसवणूक नव्हती, लिहिलेलं अंतर खोटं नव्हतं. पण तिथून जुन्या शहरात जायला प्रत्येक वेळी रिक्षात पाऊण-पाऊण तास जायचा. आईचे पाय संध्याकाळपर्यंत सुजले.

गुरुवार तक्रारीत गेला. शुक्रवारी सालारजंग बंद असतं आणि चौमहल्ला पॅलेसही. मी आखणी करताना म्हणूनच या दोन्ही गोष्टी गुरुवारी ठेवल्या होत्या. दुपारी बाराला सालारजंगमधलं ते घड्याळ बघायला गर्दी जमते, छोटा माणूस बाहेर येऊन तासाचे ठोके देतो. धाकट्याने त्याचा व्हिडिओ कितीदा तरी पाहिला होता. शुक्रवारी आई खोलीतच पडून राहिली आणि आम्ही मुलांना चारमिनार, मक्का मशीद दाखवून आणलं. शनिवारी एकतर म्युझियम किंवा शाळा, दोन्ही तिला झेपण्यासारखं नव्हतं. आम्ही शाळेत गेलो. दारात ती दहा मिनिटं उभी राहिली, भिंतीला हात लावला, आणि “पाय दुखतात, चला” म्हणाली. तिला निवांत एक तास तिथे बसायचं होतं. खोली जवळ असती तर ती दोन्ही दिवस, वाटेल तेव्हा जाऊन आली असती. १६,२०० रुपयांपेक्षा मला हे जास्त लागतं.

तक्रारीचं सांगते. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. मी गुरुवारी सकाळी सातलाच फोन केला. त्यांना प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम लागते, ते आधी कागदावर उतरवून ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पावती, चॅट आणि स्क्रीनशॉट जोडायचे. स्वतःच्या बँकेलाही त्याच दिवशी कळवायचं. पैसे जाऊन तास-दोन तासच झाले असतील, तर ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची आशा असते.

आणि हॉटेलच्या फसवणुकीत नेमकी हीच वेळ हातून जाते. वीजबिलाचा किंवा कुरिअरचा खोटा फोन असला तर माणसाला बहुधा त्याच दिवशी कळतं. इथे तुम्ही प्रवासाच्या तारखेपर्यंत निर्धास्त असता, आणि भामट्याला तेवढे सगळे दिवस मोकळे मिळतात. ते स्वागताचे मेसेज तो त्यासाठीच पाठवत होता. आमचे पैसे बारा दिवसांत कुठल्या कुठे गेले होते. एका खात्यात ५,००० रुपये रोखून ठेवल्याचं कळलं आहे, ते अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे ११,२०० गेले असंच धरून चालले आहे.

म्हणून बुकिंग केलंत, तर त्याच दिवशी, त्याच तासात हॉटेलशी दुसऱ्या वाटेने बोला. ज्या नंबरवर बुकिंग केलं त्यावर नाही. ॲपवरून चौकशी करा, त्या शहरातल्या ओळखीच्या कुणाला तरी काउंटरवर जाऊन विचारायला सांगा. विवेकवर्धिनीच्याच एका जुन्या वर्गमैत्रिणीचा नंबर आईकडे होता आणि ती बडीचावडीत राहते. एक फोन केला असता तर तिच्या नातवाने दहा मिनिटांत जाऊन पाहिलं असतं. ते काही न जमलं, तर हॉटेलवर पोचल्यावर पैसे देण्याचा पर्याय निवडा, मग खोली दोनशे रुपयांनी महाग पडली तरी पडू द्या. क्यूआरवर हॉटेलऐवजी माणसाचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा. सिस्टीम अडकली म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागितले, तर फोन ठेवून आधी १९३० लावा.

अंतराचं तर फोनवरच्या माणसाला असं विचारा, की ज्याचं उत्तर तिथे बसलेल्यालाच देता येईल. मेट्रोतून उतरल्यावर कुठल्या बाजूला वळायचं? समोर काय आहे? चारमिनारला संध्याकाळी सहाला रिक्षा किती वेळ घेते? हे मला आईने शिकवलं. परतीच्या गाडीत निजामाबाद गेल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “तो माणूस हैदराबादचा नव्हताच गं. तिथला कुणीही मला अम्मा म्हणेल, माताजी नाही. आणि एवढं बोलला, पण एकदाही ‘हाँ’च्या जागी ‘हौ’ म्हणाला नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. पण तू एवढी खुशीत होतीस, म्हटलं कशाला बोलू.”

मला वाटत होतं, मी तिच्या आनंदासाठी गप्प बसले. ती माझ्यासाठी गप्प बसली होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही खटकलं का, हे पैसे पाठवण्याआधी विचारा.

परत आल्यापासून मी त्या हॉटेलचा नकाशावरचा नंबर चुकीचा असल्याचं तीन वेळा कळवलं आहे, मॅनेजरनेही कळवलं आहे. दोनदा तो दुरुस्त झाला आणि दोनदा पुन्हा बदलला. आज सकाळी पाहिलं तेव्हा तिथे वेगळाच एक नंबर होता, आणि मॅनेजर म्हणतो तोही त्यांचा नाही.